तुझा रविवार मी ठेवून घेतला

गेनू,

तुझ्या दशक्रियेला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून तुझा सुनील दोन पावलं मागे सरतो न सरतो तोच लिंबावरून एक उतरला, चोच मारली आणि उडून गेला. घाटावर जमलेल्या सगळ्यांना बरं वाटलं. "काही राहिलं नव्हतं मनात," माझ्या शेजारी उभे असलेले गृहस्थ म्हणाले. "तृप्त गेला माणूस." तुझ्या मनात काय राहिलं होतं, हे त्या घाटावर मला एकट्याला माहीत होतं. मी मान डोलावली.

मग भाषणं झाली. तुला दशक्रियेच्या भाषणांचा कंटाळा. मागे उभा राहून मला कोपर मारायचास, "वसंता, मेलेला मानूसबी उठून जाईल आता." तुझ्या वेळी चौघे बोलले. शेवटी आपल्या वॉर्डाचे माजी सदस्य उठले. भिंगारच्या तीन पिढ्या तुझ्या दुकानातल्या सायकलींवर पडत-धडपडत शिकल्या, असं सगळं म्हणून झालं आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. "मैत्री पाहायची तर वसंतरावांची पाहा. गेनूभाऊंकडे बटणांचा फोन. वसंतरावांची नात शिकायला परदेशात. तर दर रविवारी हे स्वतःचा मोबाईल घेऊन दुकानात जायचे आणि तिची नि गेनूभाऊंची गाठ घालून द्यायचे. शेवटपर्यंत!" लोक वळून माझ्याकडे पाहायला लागले. मी हात जोडले.

शेवटपर्यंत नाही, गेनू. तू वैशाखात गेलास. संक्रांतीनंतर मी तुझी आणि ऋतुजाची एकदाही गाठ घालून दिली नाही. तुला एक सांगितलं, तिला दुसरं सांगितलं, आणि दोन्ही खोटं होतं. परवा आपल्या साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन आला, "तुम्ही त्यांचे सगळ्यांत जवळचे, चार आठवणी लिहून द्या." देतो म्हणालो. ज्यांनी घाटावर माझं कौतुक ऐकलं, त्यांनी हेही वाचावं म्हणून इथे लिहितो आहे. सांगतो आहे मात्र तुलाच.

ऋतुजा पाचवीत माझ्याकडे आली. मुलगा-सून राहात्याला नोकरीला, दोघांच्या वेळा अडनिड्या, म्हणून शाळेसाठी ती आजी-आजोबांकडे. पहिल्याच आठवड्यात तिनं तुझं दुकान शोधून काढलं. तासावर सायकल देण्याचे ते शेवटचे दिवस होते. तुझ्याकडे लहान दोनच उरल्या होत्या, एक लाल आणि एक कुठल्याच रंगाची नसलेली. ती पडली की मी धावायचो आणि तू माझा दंड धरून मला थांबवायचास. "उठू दे तिची ती. तू उचललंस तर तिला वाटंल, पडनं म्हंजे लई इपरीत काय तरी हाय."

मी मिलिटरीच्या ऑफिसात पस्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. पडण्याची मला भीतीच. अकरावीला तिला स्कूटी घेऊन दिली. ती महिनाभर अंगणात झाकून पडली आणि ही पोरगी तुझ्याकडच्या जुन्या गिअरच्या सायकलवर कॉलेजला जायला लागली. रविवारी चांदबिबीच्या महालाचा चढ चढून यायची. घामानं थबथबलेली, तोंड लाल, आणि इतकी खूश, की माझ्या तोंडून रागाचा शब्द निघायचा नाही. तो मी तुझ्यासाठी राखून ठेवायचो.

"तू बिघडवलंस तिला," मी दुकानात येऊन म्हणालो होतो.

"मी कुठं काय केलं? चेन तिनंच बसवली. मी निस्ता पान्याला हात लावला."

"मुलीच्या जातीला हे शोभतं का, हात काळे करून घेणं?"

"साबन हाय की," तू म्हणालास आणि पुन्हा ट्यूब घासायला लागलास. माझ्याशी भांडताना तू काम कधीच थांबवलं नाहीस. त्याचा मला फार राग यायचा.

पुढे कृषी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी तिच्या कॉलेजातून दोन मुलांना दहा महिन्यांसाठी नेदरलँड्सच्या एका विद्यापीठात पाठवायचं ठरलं. तिकडची दोन मुलं इकडे, इकडची तिकडे. तिचं नाव लागलं. मी नको म्हणत होतो. तुझी वहिनी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घरात मी आणि ती, आणि सुट्टीला येणारे तिचे आईबाप. ते दुखणं मी तुला सांगितलं नाही. तुला फक्त एवढंच सांगितलं की थंडी फार असते तिकडे.

"तिथं समदं गाव सायकलवर चालतंय म्हनं," तू म्हणालास. "पंतपरधानबी."

"तुला कोण बोललं?"

"रुतू. तिला जाऊ दे, वसंता. हितं ती एकटीच येडी हाय. तिथं समदेच येडे असतील. बरं वाटंल पोरीला."

ती ऑगस्टमध्ये गेली. पहिले पंधरा दिवस मला अजून आठवतात. एका मजल्यावर सहा मुलं, एक स्वयंपाकघर, आणि कोणी कोणाला "जेवलीस का" म्हणून विचारत नाही. दुपारी सगळे पाव खातात, गार. संध्याकाळी सहाला जेवून मोकळे होतात. ही आपल्या खोलीत दार लावून मॅगी खायची. बोलताना सगळे तिच्याशी इंग्रजीत बोलायचे, पण हसायचे ते आपल्या भाषेत. पाऊस आडवा यायचा. आणि ज्याच्यासाठी एवढ्या लांब गेली ती सायकल, तीही तिला साथ देईना. जुनी घेतली होती, सीट छातीएवढी उंच, हँडलला ब्रेकच नाहीत. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी कुंपणात जाऊन पडली.

रविवारी दुपारी साडेबाराला, तिकडे सकाळचे नऊ असतात तेव्हा, तिचा फोन आला. चेहरा रडून सुजलेला. "आबा, मला नाही जमणार इथे. ह्यांची सायकलसुद्धा थांबत नाही."

मी म्हणालो, "बसनं जात जा." ती आणखीच रडायला लागली. मी म्हणालो, "मग परत ये. तिकिटाचं मी बघतो." हे बोलताना माझ्या मनात काय होतं ते आता लिहायला हरकत नाही. ती परत यावी, असंच माझ्या मनात होतं. पण ती ऐकेना आणि रडायची थांबेना, तेव्हा दुसरं काही सुचलं नाही म्हणून फोन तसाच हातात धरून मी तुझ्या दुकानात आलो.

तू चष्मा कपाळावरून खाली घेतलास. "काय गं रुतू, थोबाड का असं?"

"गेनूबाबा, हिला ब्रेकच नाहीये."

"असं कसं? मागचं चाक दाव."

तिनं फोन चाकाशी नेला. तू एक डोळा मिटून बघितलंस. "आगं, ब्रेक हाय की. पोटात हाय. पॅडल उलटं मार. आपल्या कॅम्पात एक साहेब हुते, त्यांची असलीच हुती. समदं भिंगार पडलं हुतं तिच्यावरनं."

ती फोन कुठेतरी टेकवून सायकल घेऊन गेली. आपल्याला नुसतं अंगण दिसत होतं, विटांचं, ओलं. मग टायर घासल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ ती हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. तू मात्र हसला नाहीस. "आता शीट खाली घे," म्हणालास. "त्यांची उंची येगळी, तुझी येगळी. टाच टेकली पायजे."

मी तिला परत बोलावत होतो, आणि तू दुकानात बसल्या बसल्या तिचे पाय जमिनीला टेकवलेस.

मग दर रविवारचा नेम झाला. साडेबाराला मी दुकानात. तुझ्या स्टुलावर मी बसायचो, तू खाली पोत्यावर, आणि फोन माझ्या हातात. काय काय बोलायचात तुम्ही! तिकडे सायकलचा रस्ता वेगळा, सिग्नल वेगळा, वळताना हात लांब करायचा. अंधारात दिवा नसला तर पोलीस दंड करतो. "सायकलला?" तू विचारलंस. "सायकलला." "भले!" तू इतका खूश झालास, जणू तो कायदा तूच केला होतास. रस्त्यावर धूळ नाही हे बघून तर तू चष्मा पुसलास. मग म्हणालास, "हितलं टायर तिथं धा वर्सं जाईल. आन माझ्यासारक्याची उपासमार हुईल."

दिवाळीच्या सुमारास तिकडे हिवाळ्यासाठी घड्याळ एक तास मागे केलं, तेव्हा तिनं सांगितलं की आता दीडला बोलायचं.

"सरकारनं घड्याळ मागं केलं?" तू विचारलंस. "मग त्या तासाचं सायकलचं भाडं कोन देनार?"

ती खोलीत पोट धरून हसत होती. मागून कुणीतरी आलं, तिनं ते इंग्रजीत करून सांगितलं, आणि तेही हसलं. त्या रविवारी मी प्रथमच पाहिलं की तिच्या खोलीचं दार उघडं आहे.

वाऱ्याचं तर मला आजही आश्चर्य वाटतं. तिकडे डोंगर नाहीत, झाडं तुरळक, वारा समोरून असा येतो की पायडल मारून माणूस जागच्या जागी. ती रडकुंडीला आली होती. तू विचारलंस, "बाकीचे कसं जात्यात?" ती म्हणाली, जातात. "मग एकांद्या उंच मानसाच्या मागं लाग. चिकटून न्हाई, एक हात सोडून. त्याला लागू दे वारा." दुसऱ्याच दिवशी ती एका धिप्पाड मुलीच्या मागे लागली. तीन दिवस लागली. चौथ्या दिवशी त्या मुलीनं ब्रेक मारून विचारलं, "तू माझ्या मागे का येतेस रोज?" हिनं खरं सांगितलं, की माझ्या गावच्या सायकलवाल्यानं सांगितलंय. ती मुलगी, आन्नेके तिचं नाव, पुढे हिची सगळ्यांत जवळची मैत्रीण झाली. तिच्या घरी ही नाताळात चार दिवस राहून आली. एका माणसानं भिंगारला पोत्यावर बसून तिला तिकडे मैत्रीण मिळवून दिली.

आणि तळघर. त्यांच्या इमारतीच्या तळघरात शेकडो सायकली, निम्म्या पंक्चर. तिकडे पंक्चर काढणं महाग, मुलं सायकल तशीच टाकून देतात. हिनं एक पातेलं पाणी घेतलं आणि तुझ्यासारखी ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसली. पहिल्यांदा आन्नेकेची, मग मजल्यावरच्या सगळ्यांची. त्या बदल्यात तिला जेवायला बोलवायला लागले, पालेभाजी घालून कुस्करलेले बटाटे खायला घालायचे. हिनं त्यांना पिठलं करून घातलं. "गेनूबाबा, मला इथे आता सगळे ओळखतात," ती म्हणाली तेव्हा तू म्हणालास, "पंक्चर काय, कुनीबी काढतंय. चाकाचा आऊट काढायला शिक, मग मी मानंन." वाकडं फिरणारं चाक एकेक तार ताणून सरळ करायचं ते काम. ते तू सुनीललाही कधी नीट शिकवलं नव्हतंस.

ह्या सगळ्यात मी कुठे होतो? मी फोन धरून बसलेला होतो. "आबा, जरा खाली धरा ना, चाक दिसत नाही." "आबा, हलवू नका." माझा दंड भरून यायचा. आठवडाभर मी तिला सांगायच्या गोष्टी मनात जमवायचो, तिच्या आईला झालेली पित्ताची उलटी, शेजारच्या मांजरीला झालेली पिल्लं, तिच्या आजीचं वर्षश्राद्ध कसं झालं ते. आणि रविवारी तो तास ब्रेकमध्ये आणि स्पोकमध्ये संपून जायचा. शेवटी ती म्हणायची, "आबा, तुम्ही बरे आहात ना?" मी म्हणायचो, "बरा आहे." तेवढंच. घरी येऊन मी दार लावून बसायचो. तुला घरी बोलायला बायको होती, पारूवहिनी होत्या, दिवसभर दुकानात येणारी-जाणारी माणसं होती. माझ्याकडे तो एकच तास होता आणि तोही मीच तुला नेऊन देत होतो, असं मला वाटायला लागलं.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तू दवाखान्यात माझ्याबरोबर दिवसभर बसलास, माझी पिशवी मांडीवर घेऊन. ऋतुजाला महिनाभर आधी तारीख सांगितली होती. रविवारी मी घरीच होतो, डोळ्यावर पट्टी, उन्हात जायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. दीडला फोन आला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आबा, दुकानात नाही गेलात? गेनूबाबांना एक विचारायचं होतं, माझी चेन सारखी उतरतेय."

डोळ्याचं तिच्या ध्यानातच नव्हतं. तिची परीक्षा होती, खोलीत बहुधा उजेड कमी असेल, मी कॅमेऱ्यासमोर तिरका बसलो असेन. आज मला ही सगळी कारणं सुचतात. तेव्हा एकही सुचलं नाही.

"गेनू आता दुकानात बसत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे? काय झालं?"

"वय झालं. ऐकू येत नाही नीट. सुनील घेऊन गेलाय चाकणला."

इतक्या सहज आलं ते तोंडातून, गेनू. मी आयुष्यात खोटं बोललो नाही असं नाही, पण असं, एका दमात, नाव-गावासकट कधी बोललो नव्हतो. मग तिला पट्टी दिसली. "अगंबाई! आबा, तुमचा डोळा!" म्हणून ती कळवळली, दहा वेळा सॉरी म्हणाली. तिथेच मी म्हणू शकलो असतो की गेनूचं खोटं सांगितलं बाई, रागानं. पण ती त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण तासभर माझ्याशी बोलली. मला तो तास सोडवेना.

पुढच्या रविवारी तू वाट बघत होतास. मी चारला आलो, मुद्दाम.

"रुतूचा फोन?"

"तिची परीक्षा आहे."

त्याच्या पुढच्या रविवारी, "आता तिला मैत्रिणी झाल्यात. रविवारी बाहेर असते." मग एका बुधवारी तू माझ्याकडे न बघता, चाक फिरवत विचारलंस, "वसंता, तुझा फोन बिघडला का रं?"

मी हो म्हणालो असतो तरी चाललं असतं. तू मला सुटायला जागा दिली होतीस, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी म्हणालो, "नाही. फोन चांगला आहे. तिलाच वेळ नसतो." तू "बरं" म्हणालास. होळीपर्यंत तू एकदा-दोनदा विचारलंस. मग विचारायचा थांबलास. माझ्याशी पूर्वीसारखाच बोलत राहिलास, चहा मागवत राहिलास. तुला माझं खोटं कळलं होतं का? की पोरगी विसरली, हेच तू खरं धरलंस? दोन्हींपैकी काय जास्त वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही.

मार्चमध्ये तिनं एक व्हिडिओ पाठवला. तळघरात जमिनीवर मांडी घालून बसलेली, पुढ्यात चाक, हातात स्पोकचा छोटा पाना. चाक फिरवते, खडूनं खूण करते, अर्धा फेरा आवळते, परत फिरवते. दोन-तीन मिनिटांनी चाक इतकं सरळ फिरायला लागतं की फिरतंय हेच कळत नाही. मग कॅमेऱ्याकडे बघून ती मोठ्यानं म्हणते, तुला ऐकू येत नाही असं मी सांगितलं होतं ना, म्हणून ओरडून, "गेनूबाबा, आऊट काढला! आता माना!" आणि खाली मला लिहिलं होतं, "आबा, सुनीलकाकांच्या फोनवर पाठवा ना प्लीज."

मी तो फोन खिशात घालून तुझ्याकडे आलो होतो. शपथेवर सांगतो, दाखवायचा असं ठरवून आलो होतो. तू एका शाळकरी मुलाच्या सायकलचं चाक हातात घेऊन बसला होतास. मी समोर बसलो. दाखवला असता तर तू विचारलं असतंस, हे कधीचं? ती ओरडून का बोलतेय? आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "ऊन वाढलं." तू म्हणालास, "व्हय, लई." चहा पिऊन मी उठलो. तिला लिहिलं, "पाठवला. त्याला फार आवडला."

मी स्वतःची समजूत घातली होती की जूनअखेरीस ती येईल, धावत दुकानात जाईल, मी शिव्या खाईन आणि सगळं सरळ होईल. दहा महिने मोजून ठेवले होते. तुझेही दिवस कोणी मोजत असेल, हे माझ्या मनात आलं नाही.

तू गेलास त्या दुपारी मी तिला कळवलं. ती खूप रडली. मग म्हणाली, "चाकणलाच गेले का? शेवटी भिंगारला तरी आणलं का त्यांना?" तुला तिरडीवर ठेवलेलं मी बघत होतो, गेनू, तुमच्याच अंगणात उभा राहून. आणि मी म्हणालो, "हो. आणलं."

दशक्रियेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला फोन करून सगळं सांगितलं. घाटावर जोडलेले हात मला झोपू देत नव्हते. ती रस्त्यात कुठेतरी होती, मागून सायकलच्या घंट्या ऐकू येत होत्या. मी थांबल्यावर म्हणाली, "का, आबा?"

माझ्याकडे पुष्कळ उत्तरं तयार होती. एकटेपणाचं, वयाचं, आजीचं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "तू माझा डोळा विचारला नाहीस." चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस हे बोलतोय, हे माझं मलाच ऐकू आलं.

"मी विसरले होते," ती म्हणाली. "मग मला बोलायचं ना तसं." जरा वेळानं तिनं विचारलं, "ते विचारायचे माझ्याबद्दल?"

"होळीपर्यंत."

"म्हणजे त्यांना वाटलं की मी विसरले."

"हो."

तिनं फोन ठेवला.

मग मी पारूवहिनींकडे गेलो आणि त्यांनाही सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, तुमी म्हनला पोरीला येळ न्हाई, आमी खरं धरलं. तुमचं खोटं धरायची आमाला कवा सवयच न्हवती." एवढंच बोलल्या. शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं घरी आलो असतो.

तेव्हापासून ऋतुजाचा मला फोन नाही. एकच निरोप आला, "पारूआजींचा नंबर द्या." सुनीलनं चाकणला परत जाताना आपला जुना मोबाईल आईला दिला होता. मी नंबर पाठवला.

काल रविवार होता. वहिनींनी मला बोलावणं धाडलं. गेलो तर त्या मोबाईल ताटात ठेवून समोर बसलेल्या. "पोरीचा फोन येनार हाय म्हनं. मला उचलाया येत न्हाई. तुमीच दाबा." साडेबाराला फोन वाजला. मी हिरवं बटण सरकवलं, मोबाईल वहिनींच्या हातात दिला आणि बाहेर येऊन ओट्यावर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. आधी दोघी नुसत्याच रडल्या. मग वहिनी बोलायला लागल्या आणि मला जे माहीत नव्हतं ते मी ऐकलं.

"रुतू, आगं रईवार आला की दुपारी घरी येऊन सोड्यानं हात धुवायचे. नखातलं काळं काडीनं काढायचे. म्हनायचे, पोरीच्या फोनला हात लावावा लागतो एकांद्या येळी, वसंताचा फोन घान व्हायला नको. मग दुकानात जाऊन बसायचे. सांच्यापावतर दुसऱ्या कामाला हात घालायचे न्हाईत."

"होळीनंतरसुद्धा?" ऋतुजानं विचारलं.

"गेले त्याच्या आदल्या रईवारीबी."

मग ऋतुजा म्हणाली, "आबा आहेत का तिथे?"

"हायेत. भाईर बसल्यात."

"मग जरा मोठ्यानं बोला, आजी. त्यांना ऐकू जाऊ द्या."

वहिनींनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, मोठ्यानं, सोडा कुठल्या डब्यात असायचा तिथपासून. मी ओट्यावरून उठलो नाही.